चालीवरून ओळखलेले बैल

दादा गेला तो सोमवार होता. मी अकोल्यात ऑफिसात होतो, तो अमरावतीत दुकानात. वहिनीचा फोन आला. मी गाडी धरली. पोचलो तेव्हा माणसं ओसरीवर बसली होती आणि दुकानाला कुलूप होतं.

दादा सुतार होता. आमचे वडीलही सुतार होते. दोघांपैकी एकाने रंधा उचलला आणि दुसऱ्याने पुस्तक, असं आई सांगायची आणि सांगताना कुणाचीच बाजू घ्यायची नाही. दादा दारं, चौकटी, पलंग, दिवाण करायचा. घराची पुढची खोली हेच दुकान, आणि त्याचं दार थेट गल्लीत उघडायचं. लहानपणी मला शाळेत सोडायला तोच यायचा. वाटेत मी पाठ केलेल्या कविता त्याला म्हणून दाखवायचो. तो ऐकत होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण मी चुकलो की तो चालता चालता थांबायचा.

तेरावं झाल्यावर मी अकोल्याला परतलो. ऑफिसात गेलो तर सगळे माझ्याकडे बघत आणि लगेच दुसरीकडे बघत. दुखवट्यामुळे असेल असं वाटलं. खरं काय ते दुपारी कळलं. मी नसताना माझ्या बढतीचं पत्र आलं होतं. सहकाऱ्यांनी हौसेने पेढे आणले होते आणि मग सुतकातून आलेल्या माणसाला पेढा द्यायचा कसा, म्हणून डबा कपाटात फायलींच्या मागे दडवला होता. तो मुंग्यांनी शोधून काढला. माझ्या टेबलाखालून कपाटाकडे मुंग्यांची रांग लागली होती, ती कुठे जाते हे बघायला मी उठलो आणि अशा रीतीने मला कळलं की मी पुण्याला विभागप्रमुख होणार आहे. दादा गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो त्या मुंग्यांमुळे.

मी विमा कंपनीत आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस विमा कंपनीत कसा, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, पोटासाठी. ते खरं होतं, पण अर्धंच. सुरुवातीची वर्षं माझ्याकडे दाव्यांचं काम होतं. कुणाच्या घरचा माणूस गेला की त्या घरी जायचं, कागद बघायचे, कुठे अडलं असेल तर सोडवायचं आणि शेवटी चेक घेऊन पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, असा मोटारसायकलवर फिरायचो. एकदा दर्यापूरकडच्या एका बाईंनी चेक देवापुढे ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बसा बापा, आता चहा घ्या. मांगच्या बारीले रडून राहिली होती, म्हून इचारायचं राहून गेलं.” मागच्या वेळचा चहा आणि आताचा, असे दोन कप त्यांनी मला पाजले.

त्या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. पण ते बरं केलं म्हणून मला वर घेतलं, आणि वर ते काम नव्हतं. वर विक्रीची उद्दिष्टं होती. त्याच्याही वर, उद्दिष्टं ठरवणाऱ्यांच्या बैठका होत्या. माझ्या खुर्चीची पाठ उंच होत गेली. खोलीला काच आली, काचेला पडदा आला. मला हे सगळं नकोसं होतं असं नाही. मला हवं होतं. नवीन व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आला की मी घरी जाऊन एक कार्ड चालू पुस्तकात खुणेसाठी घालायचो. आज जुनी पुस्तकं उघडली की कुठल्या वर्षी काय वाचत होतो ते माझ्या हुद्द्यावरून कळतं. पुणे ही त्या कार्डांमधली पुढची पायरी होती आणि तिची मी किती वर्षं वाट बघितली होती ते फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं.

ती अकोल्यातच शाळेत शिकवते. तिने पत्र वाचलं, चष्मा काढला.

“आनंद झाला का?”

“व्हायला पाहिजे.”

“मी तसं नाही विचारलं,” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

नागपूरच्या वरिष्ठ साहेबांनी फोनवर मोकळीक दिली. “घरी एवढं झालंय, घाई करू नका. पोळा झाला की सांगा. पण नाही म्हणू नका.”

इकडे वहिनीने दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण तयार होता. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात वहिनी एकटी, आणि सुताराच्या दुकानात सुतार नाही. मी दर शनिवारी जाऊन ते रिकामं करून द्यायचं असं आमचं ठरलं. लाकडाची सोय लागली. हत्यारं मी एका गोणपाटावर मांडली आणि तशीच ठेवली. रंध्याच्या मुठीवर दादाच्या अंगठ्याने खळगा पाडला होता. माझा अंगठा त्यात बसत नव्हता. मग मी माळ्यावर चढलो.

माळ्यावर बैल होते.

लाकडाचे, चाकांवरचे, कुणी वीतभर तर कुणी गुडघ्याएवढे. एकाला शिंग नव्हतं, एकाला पाय नव्हता, कुणाचं तोंड उंदरांनी कुरतडलं होतं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दिवशी खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. त्या दिवशी लहान मुलं आपापला लाकडी बैल झूल-गोंडे घालून दोरीने ओढत नेतात, घरोघर जातात आणि घरचे त्यांच्या हातावर खाऊ-पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. हा बैल दरवर्षी नवा घेत नाहीत. बापाचा लेकाला जातो, त्याचा त्याच्या लेकीला. मोडला की सुताराकडे टाकायचा आणि पोळ्याआधी न्यायचा. गल्लीतले बैल वर्षभर केव्हाही दादाकडे येऊन पडत.

मी खाली वाकून विचारलं, “वहिनी, हे कुणाचे?”

“कोणाचे म्हंजे? पोट्ट्यायचे,” वहिनी खालून म्हणाली. “कोणी मागाले येऊन नाही राहिलं. लोकायले वाटते, दुखाच्या घरी खेळणं मागाले कसं जावं.”

“मग आपणच परत करू.”

“असे? मोडके?”

मी माळ्यावर, ती खाली, आणि दोघांच्या मधे शिडी. मग तीच म्हणाली, “आपल्या घरी यंदा सण नाही भाऊजी. पण त्यायच्या घरी तं हाय ना. द्या खाली एकेक.”

अशी सुरुवात झाली. ठरवून काहीच नव्हतं. कव्हरवाल्याला वहिनीने पोळ्यानंतर ये म्हणून सांगितलं. मी साठलेली रजा काढली. बायको म्हणाली, “रजा घेऊन तू आजवर नुसता वाचत बसलास. हे नवीन आहे.”

लाकडाला हात मी लहानपणी लावला होता तेवढाच. दादाचं काम बघत मोठा झालो होतो, पण बघताना हातात पुस्तक असायचं. तरी सरस कसा लावायचा, खुंटी कशी ठोकायची, हे हाताला आठवत गेलं. चाकांसाठी आम्ही गल्लीच्या टोकाच्या खरादी चाचांकडे गेलो. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे ते खरादावर कातून द्यायचे, आणि दादाची त्यांची दोस्ती आमच्या वडिलांपासूनची. चाचांनी मोडकी चाकं बघितली आणि एकेक करून बाजूला टाकली.

“ये सब फेक. नये देता हूं. एकदम गोल.”

“चाचा, पैसे किती होतील?” मी विचारलं.

“छोटे, तू साहेब झाला तं झाला, पण येडा काहून झाला रे?” चाचा म्हणाले. “बैल का पैसा तेरे भाई ने कभी लिया क्या? मैं कैसे लूं?”

वहिनीने रंगाचं काम घेतलं. ते आधीपासून तिचंच होतं. डोळे काढायला दादाचा हात थरथरायचा. आता तिने बाजारातून पांढरा ऑइल पेंट आणला, शिंगांना सोनेरी, खुरांना काळा. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. जुने रंग थरावर थर चढलेले, त्यांचे पापुद्रे निघत. एकाखाली हिरवा, त्याखाली गेरूचा लाल, त्याखाली नुसतं सागवान. मला वाटलं, दादाच्या नावाला शोभेल असं काम झालं पाहिजे. मी प्रत्येक बैल लाकूड दिसेपर्यंत घासला. खाचा भरल्या. मोडकी शिंगं काढून सगळ्यांना एका मापाची बसवली. ज्याला कान नव्हता त्याला कान लावला. फक्त चाकाच्या आसाची भोकं तेवढी मी जशी होती तशी ठेवली, कारण गिरमिट फिरवायची मला भीती वाटायची. लाकूड उकललं तर बैलच जायचा.

त्या दिवसांत मी किती आनंदात होतो हे लिहिताना आजही थोडं संकोचल्यासारखं होतं. दादाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. पण सकाळी दार उघडलं की गल्लीतलं ऊन आत यायचं, वहिनी चहा ठेवायची, चाचा येऊन पाटावर बसायचे, आणि आम्ही तिघं दादाला नावं ठेवत काम करायचो.

“तुमचा भाऊ मुळात आळशी,” वहिनी डोळा काढता काढता म्हणायची. “जेवढं मोडलं तेवढंच करे. रंगाचा एक टिपूस जास्तीचा नाही. मी म्हणो, सारा रंगवून दे ना, तं म्हणे, ‘काहून? तेवढं तं साजरं हाय.’”

“सुस्त था, पण दिल का राजा,” चाचा म्हणायचे.

“राजा होता तं मले राणी काहून नाही केलं मंग?” वहिनी म्हणायची आणि हसता हसता पदराने डोळे पुसायची, आणि पांढऱ्या रंगाचा ठिपका गालावर उमटायचा. तो तिला आम्ही कधी सांगत नसू.

मला एक जुनं बोलणं आठवायचं. मी पहिल्यांदा शाखाधिकारी झालो तेव्हा दादाला म्हणालो होतो, बडनेरा रोडला एक शोरूम काढ, कर्ज मी मिळवून देतो. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. म्हणाला, “शोरूममधी मी काय करू? तिथं दार काचेचं असते. माणूस बाहेरूनच पाहून चालला जाते.” त्या वेळी मला त्याच्या दृष्टीची कीव आली होती. आता पॉलिश पेपर घासताना माझ्या ऑफिसातली काच डोळ्यांपुढे यायची, आणि तिच्यावरचा पडदाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल तयार झाले. मी ते दुकानाच्या ओट्यावर रांगेने मांडले. सगळे पांढरेशुभ्र, सगळ्यांची शिंगं सोनेरी, सगळ्यांचे डोळे वहिनीच्या हातचे, टपोरे आणि काळे. वहिनी लांब जाऊन उभी राहिली आणि बघून आली. म्हणाली, “दुकानातल्यावाणी दिसून राहिले.” मला ती स्तुती वाटली. तिलाही ती स्तुतीच म्हणायची होती.

पोळ्याच्या सकाळी आम्ही निरोप धाडला आणि गल्ली दारात आली. आधी बायका, मग म्हातारे, मग मुलं सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत पुढे. सगळे ओट्यासमोर उभे राहिले आणि बघत राहिले. कुणीच हात पुढे करेना.

“घ्या ना,” मी म्हणालो.

समोरच्या घरच्या आजी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या, पुन्हा परत आल्या.

“साजरे केले बापा,” त्या म्हणाल्या. “पण आमचा कोणचा?”

“तुमचा… कसा होता?”

“एका शिंगाचा होता.”

मागून कुणी म्हणालं, “आमच्याले पोटापाशी हिरवं होतं.” कुणी म्हणालं, “आमच्याच्या पाठीवर माह्या पोरानं दातानं चावलेलं होतं, त्याचे वळ होते.” “आमचा तं काळा पडला होता.” मी एकेक ऐकत होतो आणि माझ्या पायाखालचा ओटा सरकत होता. हिरवं मी घासलं होतं. दातांचे वळ मी भरले होते, चांगली पुट्टी लावून. मी वहिनीकडे बघितलं. तिने चाचांकडे बघितलं. चाचांनी आपल्या एकसारख्या गोल चाकांकडे बघितलं.

“छोटे,” चाचा सावकाश म्हणाले, “ये तो सब एकाच मायचे दिसून राहिले रे.”

तेवढ्यात एक मुलगी रडायला लागली. फुलं विकणाऱ्या घरची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. तिने आपल्या अंदाजाने एक बैल उचलला होता.

“याले कान हाय,” ती रडत म्हणाली. “माह्यावाल्याले एक कान नव्हता.”

वहिनी तिच्याजवळ बसली. “मंग बरं झालं ना बाई. काकानं कान लावून देला त्याले.”

“नोको! त्याले त्या बाजूनं ऐकू येत नव्हतं. मी त्याच्यासंग मोठ्यानं बोलत होती!”

सगळे हसले, आणि त्यामुळे ती आणखीच रडली. दोरी धरून बैल ओढत ती घराकडे निघाली, आईला सांगायला. बैल चार हात सरळ गेला, मग डावीकडे वळत वळत थेट नालीत उतरला.

“थांब!” एक आवाज आला. दळणाच्या चक्कीवाले आजोबा होते. एरवी ते कुणाशी बोलत नसत. “थांब पोरी. तो तुहा नाही. तो आमचा हाय.”

“कशावरून?” मी विचारलं.

“नालीत गेला ना,” आजोबा म्हणाले. “मी लहान होतो तवापासून जाते. माहा बाप म्हणे, याले पाण्याची ओढ हाय.”

मग समोरच्या आजींनी ओट्यावरचा एक बैल उचलला आणि आपल्या नातवाच्या हातात दोरी दिली. “चालव रे. आपला उड्या मारते.” तो उड्या मारत नव्हता. दुसरा उचलला. त्याने दर चक्कराला मान टाकली, जसा काही हो म्हणतो आहे. “हा नाही. हा हो-हो करते. हा गुरुजीच्या घरचा असन.” गुरुजींच्या घरचा खरंच तोच होता. मग काय, सगळे बैल ओट्यावरून खाली उतरले. गल्लीभर पोट्टे, दोऱ्या, खडखडाट. एक बैल उजवीकडे ओढायचा. एक मागच्या मागे बसायचा. एक हळू ओढला की चालायचाच नाही, पळवला तरच पळायचा, आणि त्याच्या घरचे सगळे तसेच पळणारे, म्हणून तो लगेच ओळखला गेला. एक नुसता चीं चीं करायचा, त्याची मालकीण आवाज ऐकून घरातूनच ओरडली, “आला का रे माहा?”

चाकं नवी होती, एकदम गोल होती. पण आसाची भोकं जुनी होती, वर्षानुवर्षं झिजून प्रत्येकाची वेगळ्या बाजूला वाकडी झालेली. चाल त्या भोकात होती.

“तुमाले गिरमिट येत नाही म्हून वाचले बरं,” वहिनी माझ्या कानात म्हणाली.

फुलवाल्या मुलीचा बैल शेवटी सापडला. तो आडवा चालायचा, खेकड्यासारखा. तिने तो ओळखला, पण घेईना. माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी आत जाऊन पटाशी आणली आणि मी लावलेला कान अलगद उडवला. सरसाचा पांढरा डाग तेवढा राहिला. तिने त्या बाजूला तोंड नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बैलाला विचारलं, “आता बरं वाटते का?”

एवढा मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. चाचा ओट्याला टेकून खोकेपर्यंत हसत होते. वहिनी तर पायरीवर बसलीच.

त्या दुपारी आमच्या घरी पुरणपोळ्या आल्या. ज्या घरी दुःख झालं त्या घरी पहिल्या सणाला पुरण शिजत नाही. शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं. सगळ्यांनीच आणलं. ताटावर ताट आलं. वहिनी दारातूनच ओरडत होती, “माह्या साखरेचं काय होईन व? डॉक्टरले तुमी सांगान का?” आणि प्रत्येक ताट घेत होती. त्या पोळ्या मी अकोल्यालाही नेल्या.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी चाचा एक पिशवी घेऊन आले. पिशवीत भवरे होते, उरलेल्या लाकडाचे, खरादावर कातलेले.

“चाचा, आमच्या घरी यंदा सण नाही,” वहिनी म्हणाली.

“सण नही है, मालूम है बहू. पण पोट्टे तं दाराशी येतीलच ना? खाली हात भेजेगी?”

पोट्टे आले. झुली घातलेले, कपाळाला बाशिंग लावलेले बैल हो-हो करत, उड्या मारत, आडवे चालत आमच्या दारात आले. नालीवाल्या बैलाला आजोबांच्या पणतूने उचलूनच आणलं होतं. वहिनीने प्रत्येकाच्या हातावर भवरा ठेवला. मी तिच्या मागे उभा होतो. दर वेळी एक लहान हात पुढे यायचा आणि एक तोंड वर व्हायचं. मला दर्यापूरच्या बाईंचा दुसरा कप आठवला. मला वाटलं, मला हे काम येतं. दारात उभं राहायचं, ज्याचं त्याला द्यायचं. हेच मी एकेकाळी करत होतो, आणि ते बरं करतो म्हणून माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि मी आनंदाने काढून घेऊ दिलं होतं.

साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा मी दुकानातच होतो, हाताला टर्पेंटाइनचा वास.

“मग? पुणे?”

“सर, अमरावती शाखेतलं दाव्यांचं टेबल अजून रिकामं आहे ना?”

ते म्हणाले, “अहो, ते खालचं पद आहे. तुम्ही तिथून कधीच वर आलात. काही अडचण आहे का? घरची? तब्येतीची?”

मी खूप वाचलेला माणूस आहे. मला त्या वेळी एखादं नीट वाक्य सुचायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच: “नाही सर. मले तेच काम येते.”

पलीकडे ते हसले. तेही मूळचे आमच्याकडचेच, चांदूर बाजारचे, हे मी इतक्या वर्षांच्या बैठकांत विसरून गेलो होतो.

“मलेही येत होतं रे बापा,” ते म्हणाले. “पाठव अर्ज. मी आडवा येत नाही.”

घरी बायकोला सांगितलं. पगार कमी होणार, गाडी बदलायची होती ती राहणार, हे सगळं तिने माझ्याआधी हिशेबात धरलं होतं. तिने फक्त जुनाच प्रश्न विचारला.

“आनंद झाला का?”

“हो.”

“मग आता रोज अपडाऊन कर,” ती म्हणाली. “आणि डबा आपला आपण भर.”

आता मी रोज सकाळी अकोल्याहून गाडीने अमरावतीला जातो. गाडीत वाचतो. या वेळी व्हिजिटिंग कार्डं छापली नाहीत, त्यामुळे खुणेला तिकीट घालतो किंवा हाताला येईल ते. दिवसा वलगावला जातो, परतवाड्याला जातो, कधी मोझरीकडे. माणूस गेलेल्या घरात जातो आणि आधी बसतो, मग कागद मागतो. दादा गेल्यापासून मला तिथे काय बोलायचं हे कमी सुचतं आणि काय बोलू नये हे जास्त. संध्याकाळची गाडी सुटायच्या आधी दुकानात डोकावतो.

कव्हरवाल्याने समोरच्या गल्लीत जागा बघितली. दुकान वहिनी चालवते. दारं-चौकटींना तिने एक कारागीर ठेवला आहे, तो रोज तिच्याशी भांडतो आणि रोज येतो. बैलांचं काम तिचं, चाकं चाचांची. मोडलं तेवढंच करायचं, हा नियम तिने माझ्यासाठी केला आहे, आणि माझ्या हातात पॉलिश पेपर ती देत नाही. मी सरस लावतो आणि आलेल्या माणसांना पाणी देतो.

दादा नाही. त्याचा रंधा खुंटीला आहे. अमरावतीच्या शाखेत माझं टेबल आहे आणि दुकानात बसायला पाट आहे. त्या वर्षीच्या बैलांपैकी एक न्यायला कुणी आलं नाही. तो पांढरा आहे, सरळ चालतो, आणि दाराजवळ ठेवला आहे.